उन्हातली सहा पिंपे

हाजी कनावींच्या आवारात नऊ डंपर होते. ज्या चार डंपरांचे ऑइल ठरल्या दिवशी बदलले जात असे, त्या चारांच्या ऑइलमध्ये पाणी सापडले. ज्या पाचांची मुदत उलटून महिना झाला होता, त्यांचे ऑइल काळे, जाड आणि कोरडे होते. नवांपैकी एकाच्याही रेडिएटरमधले पाणी बोटभरही उतरलेले नव्हते.

हे सगळे मेतवल्लीच्या वहीत तारखांसकट लिहिलेले होते. मेतवल्ली हा हाजींचा भाचा आणि आवाराचा व्यवस्थापक. त्याने वही माझ्यापुढे सरकवली खरी, पण मी ती वाचावी अशी त्याची अपेक्षा नव्हती. मी वाचू लागले तेव्हा तो अस्वस्थ झाला आणि त्याने पंख्याचे तोंड माझ्याकडे वळवले.

मला कारण शोधायला बोलावलेले नव्हते. अस्वानच्या तंत्रमहाविद्यालयात मी इंजिने शिकवते. माझ्या सहीशिक्क्याचा कागद सरकारी वकिलाकडे चालतो. हाजींना असा एक कागद हवा होता.

"तुम्ही एवढंच लिहा, डॉक्टर इनायात," हाजी म्हणाले, "की हे पाणी आपोआप येत नाही. कुणाच्या तरी हातानं आत जातं. कुणाच्या, ते आम्ही बघून घेऊ."

हात कोणाचा, हे त्यांनी आधीच ठरवले होते. येताना मी त्याला पाहिले होते. उस्ता शाझली, आवाराचा मिस्त्री, फाटकापाशी एका उपड्या खोक्यावर बसला होता. एकतीस वर्षे ग्रॅनाइटच्या खाणीवरच्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस, त्याच्या अवजारांची पेटी मेतवल्लीच्या खोलीत साखळीने बांधलेली, ओळखपत्र मेतवल्लीच्या खणात. रोज सकाळी सातला यायचे आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसायचे, असा हुकूम होता. घरी राहिला तर पळाला म्हणता यावे, आणि आत आला तर पुन्हा पाणी घालेल, म्हणून फाटकात. हा प्रकार अकरा दिवस चालला होता. शनिवारी सकाळी हाजी फिर्याद द्यायला जाणार होते. मी पोचले तो मंगळवार होता.

शाझलीविरुद्ध पुरावा काय, असे मी विचारले. मेतवल्लीने दोन बोटे वर केली. पहिला पुरावा: इंजिनांत हात घालणारा तो एकटाच. दुसरा: मे महिन्याच्या बारा तारखेला भर आवारात, सगळ्यांसमोर तो ओरडला होता, "लिहून ठेवा, ही इंजिनं मरतील." मेतवल्लीने खरोखरच लिहून ठेवले होते. तारीख, वेळ, खाली दोन ड्रायव्हरांच्या सह्या. तो त्याआधी काय बोलला होता, ते मात्र लिहिलेले नव्हते.

मी विचारले, आधीचे वाक्य कुठे आहे?

"आधी काहीतरी बडबडत होता," मेतवल्ली म्हणाला. "महत्त्वाचं तेवढं घेतलं."

त्या क्षणी मला जो राग आला, तो पुढचे चार दिवस उतरला नाही. राग हे निरीक्षणाचे साधन नाही, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगते. पण निष्कर्ष आधी काढून मग त्याला जुळेल तेवढेच टिपून घेणारी वही पाहिली की मला दुसरे काही जमत नाही.

माझ्या आधी जे उपाय झाले होते, त्यांचीही नोंद वहीत होती. तीन डंपरांचे हेड उतरवले गेले. हेड सरळ होते, गॅस्केट शाबूत होते, कुठे चीर नव्हती. तरी तिन्ही गॅस्केटे नवी बसवली. नजर लागली असेल म्हणून एक मेंढा कापला आणि त्याच्या रक्ताचे पंजे नऊही बॉनेटांवर उमटवले. बॉनेटपासून इंजिनाच्या चेंबरपर्यंत द्रव जाण्याचा कोणताही मार्ग नाही, त्यामुळे या उपायाचा परिणाम झाला नाही यात नवल नव्हते. फिक्री नावाच्या ड्रायव्हरने मला ते पंजे दाखवले. वाळून तपकिरी झाले होते.

"मेंढा आम्हीच खाल्ला," तो म्हणाला. "तेवढा एक उपाय लागू पडला बघा, डॉक्टरबाई. आणि ऑइलमध्ये पाणी निघालं म्हणून एवढी चौकशी. माझ्या चहात रोज ऑइल निघतं, त्याचं कोणी बघत नाही."

चौथ्या डंपरची नोंद सगळ्यांत बोलकी होती. शाझलीला फाटकात बसवल्यानंतर त्याचे ऑइल खुद्द मेतवल्लीने बदलले होते. ऑइल भरण्याच्या झाकणाला तार बांधून त्यावर शिशाचे सील ठोकले होते. तिसऱ्या दिवशी सील जसेच्या तसे होते आणि ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली तर तिच्यावर दुधाच्या कॉफीसारखा फेस होता. हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते, आणि त्याच्याखाली पुन्हा शाझलीचे नाव.

"मेतवल्ली, या वेळी शाझली तर फाटकात होता."

"म्हणजे त्यानं आधीच पिंपात घालून ठेवलं असणार."

"मग पिंप तपासलंत?"

तो म्हणाला, पिंपाला कुलूप आहे. हे बरोबर होते. ऑइलची चोरी होते या संशयावरून हातपंप रोज संध्याकाळी काढून कुलपात ठेवला जाई आणि पिंपाचे मोठे बूच परत बसवले जाई. रोज उघडझाप झाल्याने बुचाचे रबर केव्हाच गळून गेले होते. ते कोणी बदलले नव्हते, कारण ते बदलण्याचे काम शाझलीचे, आणि रबर मागितले की मेतवल्ली विचारी, जुने कुठे आहे?

मी क्रमाने गेले. चारही डंपरांच्या चेंबरमधून बाटलीभर ऑइल काढले आणि प्रयोगशाळेत नेऊन यंत्रात वेगाने फिरवले, तेव्हा पाणी तळाशी वेगळे झाले. हाजींच्या गाड्यांत रेडिएटरसाठी हिरव्या रंगाचा द्रव वापरतात. ऑइलखालचे पाणी बिनरंगी होते. हिरव्याचा अंशही नव्हता. म्हणजे ते रेडिएटरमधून गळून आलेले नव्हते, आणि तिन्ही हेड विनाकारण उतरवले गेले होते. हवेतली वाफ थंड इंजिनात निवून थोडे पाणी साचते हे खरे, पण ते चमचाभर. वीस लिटर ऑइलमध्ये लिटरभर साचायला हवेत वाफ असावी लागते, आणि अस्वानच्या जूनमध्ये ओला रुमाल दहा मिनिटांत खडखडीत वाळतो.

हे मी संध्याकाळी सांगितले तेव्हा मेतवल्ली खूष झाला. बाहेरून घातलेले पाणी, तो म्हणाला, मी काय म्हणत होतो? हाजींनी माझ्यासाठी थंड करकदे मागवले, अंबाडीच्या फुलांचे लाल सरबत. अर्धाच निष्कर्ष सांगितला होता. त्यावर एवढे आदरातिथ्य झाले.

बुधवारी मी पिंपांकडे गेले. पश्चिमेच्या भिंतीलगत सहा पिंपे ओळीने उभी होती, दोन वापरातली आणि चार न उघडलेली. चारांच्या बुचांवर कारखान्याची पत्र्याची सिले अभंग होती; ती मी तोडली, आणि नमुने घेतल्यावर बुचे परत आवळून मेतवल्लीकडची शिशाची सिले ठोकली. प्रत्येक पिंपात मी लांब काचेची नळी तीन वेळा सोडली: वर, मध्ये, तळाशी. अंगठ्याने नळीचे तोंड दाबून ऑइल वर काढायचे आणि चहाच्या शेगडीवर तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकायचा, अशी ही साधी परीक्षा आहे. कोरडे ऑइल पत्र्यावर मुकाट पसरते. पाणी असेल तर तडतडते. वरचा थेंब सहाही पिंपांत मुका राहिला, मधला बहुतेक ठिकाणी मुका. तळाचा थेंब सहाच्या सहा पिंपांत फुटाण्यासारखा उडाला. नळीत तर परीक्षेची गरजच नव्हती. सोनेरी ऑइलखाली पाण्याचा थर डोळ्यांना दिसत होता, वापरातल्या पिंपांत दोन बोटे आणि सीलबंद पिंपांत जेमतेम एक.

इथे वहीतले पहिले कोडे सुटले. हातपंपाची नळी पिंपाच्या तळापर्यंत जाते, म्हणून उपसताना तळाचे आधी येते. ते पत्र्याच्या झारीत पडे. झारीची नळीही तळातून निघालेली, त्यामुळे आत काय आहे हे कोणालाच न दिसता तेच आधी इंजिनात उतरे. ज्या डंपरांचे ऑइल वेळेवर बदलले, त्यांनाच हे पाणी मिळाले. ज्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, ते वाचले. चूक करणाऱ्यांना बक्षीस आणि शिस्त पाळणाऱ्याला खोका, असा तो हिशोब होता.

मी मेतवल्लीला बोलावून सीलबंद पिंपाची नळी दाखवली. सील न तोडता शाझलीने आत पाणी कसे घातले, हे मला समजावून सांग, असे म्हटले.

"सील काढून परत बसवता येतं," तो म्हणाला. "सैन्यात होता तो."

"सैन्यात सिलं बसवायला शिकवतात?"

"मग विकणाऱ्यानं फसवलं असेल. दोघं सामील असतील."

विकणाऱ्याचा मुद्दा तपासण्यासारखा होता. त्याच खेपेतली आणखी दोन पिंपे कोठारात नव्या टायरांच्या मागे अडकून पडली होती. टायर हलवायचा कंटाळा, म्हणून ती बाहेर आली नव्हती. झाकणावरचा क्रमांक तोच. मी टायर हलवायला लावले आणि दोन्हींच्या तळाचा थेंब पत्र्यावर टाकला. दोन्ही मुके. मेतवल्लीने तिसरा थेंब टाकायला सांगितला, मग चौथा. तेही पसरून गप्प राहिले.

एकाच कारखान्याचे, एकाच खेपेचे, एकाच दिवशी आलेले ऑइल. आतले कोरडे, बाहेरचे ओले. म्हणजे फरक जागेचा होता, माणसाचा नव्हता. हे मी मेतवल्लीला सांगितले. तो म्हणाला, जागा बोलत नाही, माणूस बोलला होता, आणि वहीवर बोट ठेवले.

गुरुवारी सकाळी मी फाटकाशी शाझलीच्या शेजारी दुसरा खोका ओढून बसले. तोपर्यंत त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. आरोप सगळ्यांनी केला होता, प्रश्न एकानेही नाही.

"बारा मेला काय झालं होतं?"

त्याने रस्त्याकडे पाहिले. साठीच्या जवळ आलेला, हाताच्या रेघांत ग्रीसचे काळे कायमचे बसलेले.

"टायर आले, म्हणून पिंपं बाहेर काढली," तो म्हणाला. "उभी. मी म्हटलं, आडवी घाला. कडेवर निजवा, दोन्ही बुचं एका रेषेत आडवी, आणि वर सावली करा. आम्हाला सैन्यात तसंच शिकवलंय. मेतवल्ली म्हणाला, आडवी घातली तर जागा जाते आणि पंप कसा लावायचा? मी म्हटलं, लागेल ते पिंप उभं करा. तो म्हणाला, का पण? कारण सांग."

"काय सांगितलंस?"

"काय सांगणार? सैन्यात कारण सांगत नाहीत, डॉक्टरबाई. हुकूम सांगतात. मी म्हटलं, पावसाचं पाणी जातं आत. तो सगळ्यांना हाक मारून म्हणाला, या रे, आपला उस्ता अस्वानात पाऊस पाडतोय. हसले सगळे. फिक्री तर छत्री मागायला लागला. मग मी तापलो. म्हटलं, ऐकू नका, लिहून ठेवा, ही इंजिनं मरतील."

मी उठून दहा पावले चालून आले, कारण बसून राहणे शक्य नव्हते. जो एकच माणूस आवारात बरोबर बोलला होता, त्याचे बोलणे अर्धे कापून त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून ठेवले होते. इशाऱ्याची धमकी झाली होती, आणि त्याखाली दोन सह्या होत्या. त्यातली एक फिक्रीची. तो बाजूलाच उभा राहून ऐकत होता. त्याला मी विचारले, सही करताना आधीचे वाक्य आठवत नव्हते का?

"आठवत होतं," तो खाली बघत म्हणाला. "पण कागदावर नव्हतं."

 शाझलीने आपला खोका फिक्रीकडे पाठ होईल असा वळवला.

पण पाऊस नव्हताच. मेतवल्लीचे हसणे क्रूर असले तरी त्याची शंका खोटी नव्हती. या गावात एखाद्या वर्षी चार थेंब पडतात, आणि त्या वर्षी तेही पडले नव्हते. मी परत पिंपांपाशी गेले आणि या वेळी नळी न घेता नुसती बघत राहिले. हे मंगळवारीच करायला हवे होते.

पिंपाचे झाकण कडेपेक्षा दोन बोटे खोल असते. उभे पिंप म्हणजे वर एक मोठी थाळीच. त्या सहाही थाळ्यांत पांढऱ्या क्षाराची वर्तुळे होती, एकात एक, पाणी आटत गेल्यावर भांड्यात राहतात तशी. बुचांभोवती तोच पांढरा थर. कडांवर पक्ष्यांची विष्ठा आणि दोन-तीन राखी पिसे.

मी शाझलीला हाक मारली. आत येण्याची त्याला बंदी होती, म्हणून तो फाटकाच्या रेषेवर थांबला. झाकणांवर पाणी कोण ओतते, असे मी तिथूनच विचारले.

 तो हळू म्हणाला, "ते हाजींच्या आईसाठी आहे. म्हातारी शाबानच्या महिन्यात गेली. पिंपं बाहेर आली तेव्हापासून रोज तिच्या नावानं पाखरांना पाणी. त्यात काही काढू नका, डॉक्टरबाई. पुण्याचं काम आहे."

ज्या माणसाने त्याला फाटकात बसवले होते, त्याच्या आईचे पुण्य तो राखत होता. मला त्याचाही राग आला.

चार वाजता, अस्रच्या नमाजनंतर, हाजी कनावी आले. पायघोळ गलाबियाच्या बाह्या सारून त्यांनी स्वतः नळावर डबा भरला आणि एकेका झाकणावर कडेपर्यंत पाणी ओतले, ओठ हलवत, शांतपणे, कोणालाही हात लावू न देता. पिंपांना तोपर्यंत हात लावला तर चटका बसत होता. पाणी पडताच पत्रा टणकन वाजला. सहा पिंपे, सहा वेळा तो आवाज. रोज तो ऐकूनही कोणाला काही वाटले नव्हते.

मी हाजींकडे गेले आणि दोन झाकणे एका रात्रीपुरती मागितली. दोन्हींवर जाळी घालायची, म्हणजे पक्षी पिणार नाहीत. शेजारी स्टुलावर तेवढ्याच रुंदीचा परातीसारखा ट्रे ठेवायचा, त्यात तेवढेच पाणी, म्हणजे हवेत किती उडते ते कळेल. आणि त्या दोन झाकणांतल्या पाण्यात करकदेचा घट्ट काढा मिसळायचा.

हाजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. "पाखरांना करकदे?"

"पाखरांना नाही. पिंपाला."

"लग्न आहे का कुणाचं, करकदे वाटायला?" मागून फिक्री पुटपुटला. या वेळी कोणी हसले नाही.

हाजी म्हणाले, चार पिंपे पाखरांना राहतात ना? मग घ्या दोन. पण माझ्या आईच्या पाण्यात तुम्हाला चोर सापडणार नाही.

मी म्हटले, चोर मला कुठेच सापडलेला नाही.

शुक्रवारी सूर्य उगवताना मी आवारात होते. सुट्टी होती, चौकीदाराने फाटक उघडले. ट्रेमधले पाणी चार मिलिमीटर उतरले होते. जाळीखालच्या दोन्ही झाकणांवरचे पाणी बारा मिलिमीटर उतरून बरोबर बुचाच्या वरच्या कडेशी थांबले होते. त्याच्याखाली ते जाऊ शकत नव्हते. जाळीवर एकही पीस नव्हते.

नमाजनंतर मी सगळ्यांना बोलावले. हाजी, मेतवल्ली, फिक्री. शाझलीला फाटकाच्या आत घ्या, असे मी सांगितले. मेतवल्ली कुरकुरला. मी म्हटले, तो आत येणार नसेल तर मी नळी बाहेर काढणार नाही. तो आत आला.

जाळीखालच्या दोन पिंपांपैकी एकाचे शिशाचे सील मी हाजींच्या हातून तोडवले. काचेची नळी तळापर्यंत सोडली, अंगठा दाबला, वर काढली. वर सोनेरी ऑइल होते. खाली पाणी होते आणि ते जांभळट होते. करकदे लाल असते, पण ऑइलमध्ये अल्कली मिसळलेली असते, तिने रंग बदलतो; हे मी सांगितले, कारण मेतवल्ली तेवढ्यावर अडला असता. मग नळी हाजींच्या हातात दिली.

"सील तुम्हीच तोडलंत," मी म्हणाले. "करकदे काल चार वाजता वर होतं. आज तळाशी आहे."

हाजींनी नळी उन्हाकडे धरली. "पाखरं पीत होती," ते म्हणाले. "रोज सकाळी थाळ्या रिकाम्या असायच्या. मला वाटायचं, आईला पोचतंय."

"थोडं पाखरं पीत होती. थोडं उडत होतं. उरलेलं पिंपं पीत होती."

कसे, ते मी समजावले. दिवसभर पिंप तापते, आतले ऑइल आणि हवा फुगते, बुचाच्या आट्यांतून थोडी हवा बाहेर पडते. वर गार पाणी ओतले, सूर्य मावळला, की आतले सगळे आकसते आणि पिंप बाहेरून काहीतरी आत ओढू लागते. बुचावर हवा असेल तर हवा ओढते. पाणी असेल तर पाणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा बाहेर, रात्री पुन्हा पाणी आत. पाणी बाहेर यायला वाट नाही. ते तळाशी जाऊन बसलेले असते. सील त्याला अडवत नाही, कारण सील माणसांसाठी असते. पिंप आडवे असते आणि दोन्ही बुचे आडव्या रेषेत, तर बुचावर पाणी साचलेच नसते. शाझलीने हेच सांगितले होते.

मेतवल्ली म्हणाला, "पण कारण सांगितलं नाही ना त्यानं."

मी त्याच्याकडे वळले. "कारण शोधायचं काम त्याचं नव्हतं. ऐकायचं काम तुझं होतं. ते न करता तू त्याचं वाक्य कापलंस, त्याचं ओळखपत्र घेतलंस आणि त्याला चौदा दिवस उन्हात बसवलंस. तीन गाड्यांचे हेड उतरवलेस. एका मेंढ्याचा जीव घेतलास. पण पिंपावरचं ओलं झाकण बघायला तुला वहीतून मान वर करावी लागली असती, ती केली नाहीस."

माझा आवाज चढला होता. चौकीदार फाटकातून बघू लागला.

हाजींनी हात वर केला.  मेतवल्लीला ओळखपत्र आण म्हणाले, आणि ते आल्यावर स्वतः शाझलीच्या हातात दिले. उद्यापासून कामावर ये, झालं ते झालं, असेही म्हणाले. मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. कागदावर हवेतला ओलावा म्हणून लिहा, डॉक्टरबाई. पिंप दमट होते म्हणा. माणसाला कामावर घेतलेच आहे, फिर्याद होणार नाही. आता माझ्या आईचे पाणी कशाला सरकारी कागदावर?

मी उत्तर देणार होते, पण शाझली आधी बोलला.

"हाजी, मला काम नको आहे आधी. कागद हवा आहे." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "सगळ्या बाजारात झालंय की शाझलीनं इंजिनात पाणी घातलं. माझ्या जावयाच्या दुकानात लोक विचारतात. माझी बायको पाण्याला घराबाहेर जात नाही. उद्या तुम्ही म्हणाल, घेतलं कामावर. लोक म्हणतील, हाजी दयाळू, चोराला माफ केलं. मला माफी नको. मी काही केलं नाही."

"मी कुठे म्हणतो तू केलंस?"

"चौदा दिवस म्हणत होता."

 नळीतले जांभळे पाणी हाजींच्या बाहीवर ठिपकत होते. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या आईच्या नावाचं पाणी गुन्हेगार?"

"पाणी गुन्हेगार नाही," मी म्हणाले. "पाखरांसाठी जमिनीवर मातीची परात ठेवा, त्यात रोज पाणी घाला, आयुष्यभर घाला. गुन्हा झाकणाचाही नाही. पण तुम्ही मला बोलावलंत ते, पाणी कुणाच्या हातानं आत जातं हे लिहायला. मी तेच लिहिणार आहे. त्यातला एक शब्द मी बदलणार नाही, आणि एक प्रत शाझलीकडे राहील."

हाजी खोलीत निघून गेले. मेतवल्ली त्यांच्या मागे गेला. मी शाझलीच्या खोक्यावर बसून, गुडघ्यावर वही ठेवून अहवाल लिहिला. शाझली उभा राहून बघत होता. फिक्रीने न सांगता दुसरा खोका त्याच्याकडे सरकवला, पण तो बसला नाही. अहवालाचा शेवटचा परिच्छेद मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला, आणि मग सही केली.

"इंजिनांत दोष नाही. ऑइलमधले पाणी रेडिएटरमधले नाही आणि कोणी इंजिनात घातलेले नाही. आवारात उन्हात उभ्या ठेवलेल्या सहा पिंपांच्या झाकणांवर रोज सायंकाळी पाणी भरले जात होते. रात्री पिंपे थंड होऊन आतले ऑइल व हवा आकसली की हे पाणी बुचाच्या आट्यांतून आत ओढले जाई, तळाशी साचे आणि ऑइल भरताना हातपंपाने इंजिनात जाई. पिंपे आडवी ठेवावीत असे उस्ता शाझली यांनी बारा मे रोजी साक्षीदारांसमोर सांगितले होते. ते मानले गेले नाही. झाकणांवरचे पाणी पक्ष्यांसाठी होते. ते त्या दिवसापासून रोज हाजी कनावी यांनी स्वतःच्या हाताने ओतले."